सातव्या प्लेटवरची विहीर

नील आणि अन्वी,

तुमच्या शाळेच्या सहलीचे फोटो मिळाले. चौदा होते. दगडी घर, उताराची टोकदार छपरं, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या बारक्या काचांच्या खिडक्या आणि चार धुराडी. शेवटच्या फोटोखाली अन्वीने विचारलं आहे, "आजी, तू असल्याच बिल्डिंगचं काम करायचीस ना? मग सोडलंस का?" तुमच्या आईने माझ्या गुडघ्यांचं कारण सांगितलं, असं कळलं. माझे गुडघे ठीक आहेत. रोज दोन जिने चढते.

नील पंधरा वर्षांचा झाला आणि अन्वी तेराची. खरं कारण कळायला एवढं वय पुरे. मी शिकले इंग्रजीत आणि नोंदी अजूनही इंग्रजीतच ठेवते. पण हे मराठीत घडलं, म्हणून मराठीत लिहिते. अडेल तिथे आईला विचारा.

माझं काम आधी सांगते. मी आर्किटेक्ट, पण नवीन घरं फारशी बांधली नाहीत. जुन्या इमारतीची दुरुस्ती करायची तर ती मूळची कशी होती, नंतर तिच्यात काय वाढवलं, काय पाडलं, हे आधी कागदावर यावं लागतं. त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. टेप घेऊन एकेक भिंत मोजायची, ड्रॉइंग करायचं, फोटो काढायचे, जुने फोटो शोधायचे. मी हे छत्तीस वर्षं केलं. माझ्या ड्रॉइंगवर विसंबून पुढचे लोक काम करतात.

तुम्ही तिकडे परदेशात राहायला गेलात, त्याच्या दुसऱ्या वर्षी मला सोलापुरातल्याच एका बंगल्याचं काम मिळालं. बंद पडलेल्या एका गिरणीच्या इंग्रज मॅनेजरने तो बांधून घेतला होता. हुबेहूब तुमच्या फोटोतल्यासारखा. मधे पोर्च आणि दोन्ही अंगांना एकेक गॅबल, म्हणजे वर त्रिकोणी निमुळती होत गेलेली भिंत. धुराडीसुद्धा होती. सोलापुरात शेकोटी कोणाला लागली असेल देव जाणे, पण साहेबाने गावाकडचं घर डोक्यात ठेवून बांधलं आणि धुराडं नाही तर ते घर कसलं. नंतर कोणीतरी दोन्ही गॅबलना लागून एकेक खोली वाढवली. तोच दगड, तीच कौलं. त्यामुळे बंगला दोन्हीकडून सारखा दिसायचा. रस्त्यावर बंगल्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात पूर्व, उजवा हात पश्चिम. पश्चिमेला चिंचेचं मोठं झाड.

बंगला एका समितीच्या ताब्यात आला होता. तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची होती. समितीचे प्रमुख देशमुख, निवृत्त अधिकारी. स्ट्रक्चरल इंजिनिअर बिराजदार, पस्तिशीतला, हुशार. इमारत उभी राहील की पडेल हे सांगायचं काम त्याचं. बांधकामाचा मुख्य गवंडी यल्लप्पा. आणि पूर्वेच्या वाढीव खोलीत राहणारे शिवप्पा आणि महादेवी. शिवप्पा तिथला वॉचमन. रात्रभर जागायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. दोघं मूळचे मैंदर्गीचे, घरात कानडी, बाहेर मराठी.

अडचण एकच होती. आवारात पूर्वी एक विहीर होती आणि वाढीव खोली तिच्यावर बांधली, असं गिरणीचे सगळे जुने कामगार सांगत. कोणत्या बाजूची खोली, हे प्रत्येक जण वेगळं सांगे. विहीर बुजवली आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बुजवलेली जमीनसुद्धा धोक्याची, कारण भराव बसत जातो आणि वरचं बांधकाम खचतं. तेव्हा आधी विहीर कुठे ते ठरवा, मग काम, असं बिराजदारने सांगितलं. बरोबर सांगितलं.

ते ठरवायचं काम माझं.

गिरणीच्या बंद ऑफिसात मला एक लाकडी पेटी सापडली. आत काचेच्या अकरा प्लेटा. जुन्या काळी फिल्म नव्हती, काचेवर रसायनाचा थर देऊन तिच्यावर फोटो घेत. त्या मॅनेजरला फोटोचा नाद होता. सातव्या प्लेटवर बंगला नवा होता. वाढीव खोल्या अजून नव्हत्या, चिंचही नव्हती. पोर्चच्या पायरीवर साहेब उभा. आणि एका गॅबलपासून चार पावलांवर विहीर, तिच्या काठावर पाणी ओढणारी एक बाई.

एवढं स्पष्ट चित्र मिळतं कुठे? मी खूश झाले.

आता नीट वाचा. काचेच्या प्लेटची एक बाजू चकचकीत असते आणि थर असलेली दुसरी बाजू मंद, धुरकट. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली तर चित्र सरळ दिसतं. मंद बाजू धरली तर आरशातल्यासारखं उलटं दिसतं, डावं ते उजवं होतं. मी प्लेटा लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या पेटीवर ठेवून कॅमेऱ्याने टिपत होते. चकचकीत बाजूवर छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येत होतं. म्हणून मी सगळ्या प्लेटा पालथ्या घातल्या, मंद बाजू वर. सगळी चित्रं उलटी येणार हे मला माहीत होतं. ती कॉम्प्युटरवर एकेक करून पलटायची आणि वहीत टिक करायची, अशी माझी पद्धत.

सहा झाल्या. सातवीच्या वेळी फोन आला. कोणाचा, ते महत्त्वाचं नाही. बोलता बोलता मी वहीत सातव्या ओळीवर टिक केली. फोन ठेवला आणि आठवी पलटली.

छत्तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आले की आधी काम, मग टिक.

पाहायला गेलं तर फोटोच्या सावल्यांवरून दिशा काढता येते. पण फोटो सकाळचा की संध्याकाळचा हे माहीत नसेल तर सावलीचा उपयोग होत नाही. बंगला दोन्हीकडून सारखा. मी प्रिंट काढली. विहीर डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला. ड्रॉइंगमध्ये पूर्वेच्या खोलीखाली मी लाल गोल काढला.

ती प्रिंट घेऊन साइटवर गेले तेव्हा महादेवी धुणं वाळत घालत होती. हात पुसून फोटो बघायला आली. साहेबाकडे तिने बघितलंच नाही. बाईकडे बघत राहिली.

"बाई, हिनं पदर उजव्या खांद्यावर कसा काय घेतलाय हो?"

मी चष्मा लावून बघितलं. खरंच उजव्या खांद्यावर होता.

"गुजराती असेल," मी म्हणाले. "साहेबांकडे आया असायच्या बाहेरगावच्या."

"आया कशाला पानी ओढंल?"

"त्या वेळी ओढत असतील."

"आसंल बाई. तुमी शिकल्याल्या." ती हसली. मग म्हणाली, "पर आमची अत्ती म्हनायची, बावी चिंचंच्या अंगाला हाय. तिची सासू हितंच भांडी घासायला हुती."

अत्ती म्हणजे सासू, बावी म्हणजे विहीर. मी घरी गेल्यावर वही काढून बघितली. सातव्या ओळीवर टिक होती. प्लेट परत पेटीतून काढायला दहा मिनिटं लागली असती. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी बिराजदार म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडे एकेक ट्रायल पिट घेऊया का?" ट्रायल पिट म्हणजे जमिनीत काय आहे ते बघायला खणलेला छोटा खड्डा.

"पूर्वेला घे. पश्चिमेची फरशी चांगली आहे, ती कशाला फोडायची?"

"चिंचेकडं विहीर आहे म्हणतात ना वॉचमनच्या बाई?"

"बिराजदार, माझ्याकडे फोटो आहे."

त्याने यल्लप्पाला पूर्वेला बोलावलं. पूर्वेच्या खोलीत तीन फूट खणलं, खाली भुसभुशीत मुरूम लागला.

"भराव लागला," यल्लप्पा म्हणाला.

"झालं तर मग," मी म्हणाले.

जोत्याखाली भराव सगळीकडेच असतो. कुठल्याही घरात तीन फूट खणा, मुरूम लागेल. हे मला माहीत होतं, बिराजदारला माहीत होतं, यल्लप्पाला तर आमच्यापेक्षा जास्त. पण फोटोत विहीर दिसली होती, म्हणून मुरूम लागला त्यालाही आम्ही विहीर म्हणालो.

ठरलं असं. पूर्वेच्या खोलीवर कसलंही वजन टाकायचं नाही. शिवप्पा आणि महादेवीने आजच्या आज ती खोली सोडून पश्चिमेच्या खोलीत जायचं. पूर्वेच्या छपराची उतरवलेली कौलं आणि पोर्चच्या कठड्याचे दगडही त्याच पश्चिमेच्या खोलीत, एका भिंतीलगत रचायचे. म्हणजे माल सुरक्षित राहील. माझ्या ड्रॉइंगवर पश्चिमेच्या खोलीत मी इंग्रजीत लिहिलं होतं, सेफ.

शिवप्पाला हलायचं नव्हतं.

"एकवीस वर्सं हितं झोपलो बाई. बावीनं मला काय केलं न्हाय."

"शिवप्पा, ही खोली कधीही खचेल. ऐका माझं."

"तिकडं चिंचा पडत्यात कौलावर. झोप न्हाय यायची."

महादेवी म्हणाली, "चला की. बाई उगंच सांगतील व्हय? तुमास्नी मेलं तरी जागा सोडवत न्हाय." तिनेच खाट उचलली. एक बाजू तिने धरली, एक यल्लप्पाने.

नवव्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, मी पोर्चमध्ये देशमुखांना खिडक्यांच्या कमानी दाखवत होते. आधी आवाज आला तो कौलांचा. कपाटातून भांडी सांडावीत तसा. मग एक खोल आवाज, आणि चिंचेवरचे सगळे पक्षी उठले. पश्चिमेच्या खोलीच्या दारातून धूळ बाहेर आली. दारापाशी गेले तर आत जमीन नव्हती. भिंती उभ्या होत्या, छप्पर होतं, भिंतीवरचं कॅलेंडरही होतं. मधे गोल, काळा खड्डा.

विहीर बुजवलेली नव्हतीच. नुसती झाकली होती. गिरणीतल्या ढकलगाडीचे जुने रूळ तोंडावर आडवे टाकून वर शहाबादी फरशी बसवली होती. रूळ गंजून पापुद्र्यासारखे झाले होते. दोन माणसांचं वजन त्यांनी आणखी वीस वर्षं पेललं असतं. आम्ही दगड रचले होते.

शिवप्पा झोपलेला होता.

महादेवी नळावर होती. धावत आली, आत बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्ये कुठनं आलं?" एवढंच. ओरडली नाही. यल्लप्पाने कमरेला दोर बांधला आणि फायर ब्रिगेडची वाट न बघता खाली उतरला. त्याला अर्ध्यातून परत यावं लागलं, वरून दगड सुटत होते. पुढचं काम फायर ब्रिगेडने केलं. दिवस मावळायच्या आत शिवप्पाला वर काढलं. डॉक्टरांनी सांगितलं की लगेच गेला असणार. असं ते सांगतात. खरं किती, मला माहीत नाही.

घरी येऊन मी हातपाय धुतले आणि पेटी काढली. सातवी प्लेट उजेडापुढे धरली, चकचकीत बाजू माझ्याकडे. विहीर उजव्या हाताला होती. पदर डाव्या खांद्यावर होता. भिंग लावलं. साहेबाच्या कोटाचा छातीवरचा खिसा त्याच्या डाव्या अंगाला आला, जिथे तो असायला हवा. माझ्या प्रिंटमध्ये तो उजव्या अंगाला होता आणि मला दिसला नव्हता. आणि ती बाई पाठमोरी वाकलेली होती, तिचा कासोटा स्वच्छ दिसत होता. कासोटा घातलेली बाई गुजराती कशी असेल? महादेवीने नुसत्या डोळ्यांनी बघितलं ते मी भिंग असून बघितलं नाही. मी इमारत बघत होते.

दुसऱ्या दिवशी देशमुखांना सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

"मॅडम, रिपोर्टात लिहू की जुनी विहीर होती, खात्रीची नोंद उपलब्ध नव्हती."

"नोंद होती. मी उलटी वाचली."

"हे कोण बघतंय? काच तुमच्याकडे, कॉम्प्युटर तुमचा."

"वॉचमनच्या बायकोने मला विचारलं होतं. मी तिला उत्तर दिलं होतं."

"कशाला अंगावर ओढून घेताय या वयात? आणि समितीचं काय? बिराजदारचं काय?"

बिराजदारचं खरं होतं. त्याने दुसरा पिट मागितला होता, आणि मी नको म्हटल्यावर ड्रॉइंगवर सही केली होती. मी दोन पानी जबाब लिहिला. प्लेट, प्रिंट आणि वहीचं पान जोडलं. पिटची गोष्टही लिहिली. चौकशी झाली. निष्कर्षात दुर्दैवी अपघात असा शब्द आला आणि सर्व संबंधितांना समज देण्यात आली. बिराजदार पुण्याला गेला. जाताना भेटायला आला नाही, फोनवर म्हणाला, "मी अडून बसायला हवं होतं, मॅडम." मी म्हणाले, "माझ्यापुढे तुला अडून बसता आलं नाही, हाही माझाच दोष." त्याने फोन ठेवला.

महिनाभराने मी मैंदर्गीला गेले. महादेवी भावाकडे राहत होती. अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी सरळ काढलेली नवी प्रिंट नेली होती. का नेली, ते आता सांगता येत नाही. बहुतेक पुरावा दाखवल्याशिवाय मला बोलता येत नाही म्हणून.

तिने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"आता डाव्या खांद्यावर हाय," ती म्हणाली.

"हो. मी फोटो उलटा छापला होता. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. विहीर चिंचेकडेच होती."

"मी इचारलं हुतं की तुमाला."

"हो."

"मीच खाट उचलली बाई. त्ये नको म्हनत हुते."

"तुम्ही माझ्या सांगण्यावरून उचललीत."

भावजयीने पाणी आणलं. चहाचं कोणी विचारलं नाही आणि ते ठीकच होतं. निघताना मी फोटो तिथेच ठेवत होते, तर तिने परत दिला.

"मला काय करायचा? आमचं मानूस न्हाय ह्येच्यात."

त्यानंतर मी काम घेतलं नाही. सुरू असलेली दोन ड्रॉइंग्ज दुसऱ्यांना दिली, त्यांनी नव्याने मोजून घ्यावं अशी चिठ्ठी जोडून. तुमची आई म्हणते, एका चुकीसाठी आयुष्यभराचं काम टाकू नये. तिचं बरोबर असेल. पण माझी चूक त्या टिकची नव्हती. टिक कोणाचीही चुकते. महादेवीने विचारलं तेव्हा प्लेट बघायला दहा मिनिटं लागली असती आणि मी तिला उत्तर दिलं, ती चूक. एखाद्या कामात तुम्ही चांगले व्हाल तेव्हा हे उपयोगी पडेल: उत्तर पटकन सुचलं तर एकदा उठून प्लेट बघा.

आता काय उरलं तेही लिहिते. अकरा प्लेटा माझ्याकडे आहेत, प्रत्येक पाकिटावर कोणती बाजू वर ते लिहिलेलं आहे. वहीतली सातव्या ओळीवरची टिक मी खोडलेली नाही. पश्चिमेची खोली उतरवली. विहिरीला कठडा बांधला, वर लोखंडी जाळी घातली. पाणी अजून आहे. चिंच आहे. अभ्यासिका झाली, मुलं पोर्चमध्ये बसून वाचतात. पूर्वेची खोली, जिथून मी त्या दोघांना हलवलं, ती उभी आहे. तिला एक तडाही गेलेला नाही.

तुमची,
आजी